बारा सगळ्यांनाच दिसतो

सकाळचे साडेआठ. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींची सावली रस्त्याच्या एका बाजूला आणि रांग दुसऱ्या बाजूला. गोदीच्या फाटकापासून निघालेली ही रांग कोपऱ्यावर वळते, एका बंद शटरपुढून सरकत थेट चहाच्या टपरीशी जाऊन थांबते. नौदल सप्ताह आहे. वर्षातले मोजके दिवस युद्धनौका लोकांना पाहायला खुल्या असतात. लोक लेकराबाळांसह आलेत. डिसेंबर सुरू झाला आहे, पण ऊन मानेवर बसलंय.

माझ्यापुढे निळ्या टी-शर्टातली चाळीसेक पोरं. पाठीवर भरतीपूर्व प्रशिक्षण अकादमीचं नाव, डोक्याचे केस बारीक कापलेले, पायात धावायचे बूट. रात्रीच्या एसटीने साताऱ्याहून आलीत. मूळची माण-खटावकडची. तिकडे गावोगाव फौजी घरं आहेत, पण ती पायदळाची. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, जहाजावरच्या नोकरीची मात्र माहिती नसते. यांतल्या बहुतेकांनी समुद्र आज पहिल्यांदा पाहिला. तोही मरीन ड्राइव्हचा, पहाटे पाचला, अंधारात. नुसता आवाज ऐकला, असं एक जण सांगतो.

"मोबाईल बंद. आधार हातात," त्यांचे सर रांगेच्या कडेने चालत सांगतात. आवाज चढवत नाहीत. सर पंधरा वर्षं नौदलात होते, पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पोरं त्यांच्या डोळ्यांकडे बघून सरळ उभी राहतात.

एक जण रांगेत नाही. सगळ्यांत उंच, सडपातळ, पायाच्या पोटऱ्या दोरखंडासारख्या. सगळ्यांच्या पिशव्या त्याच्यापाशी. तो फूटपाथच्या कडेला त्या पिशव्यांवर हात ठेवून बसलाय.

"हा येत नाही आत?"

"बाहेर थांबतो म्हणाला," सर म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

रांग चार पावलं सरकते, पुन्हा थांबते. पाण्याची बाटली हातोहात फिरते. मागे एक काकू मुलीच्या डोक्यावर ओढणी धरून उभ्या आहेत. मुलगी बारावीला. वाट पाहण्यात पाऊण तास जातो.

फाटकातून आत आलं की आधी लोखंडाचा वास येतो. मग रंगाचा, मग डिझेलचा. दोन्ही बाजूंना जुनी दगडी बांधणीची दुकानं. 'शॉप' म्हणतात इथे कारखान्याच्या प्रत्येक विभागाला. ही गोदी अठराव्या शतकातली. इथल्या वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये तरंगत्या अवस्थेत जपलेलं आहे. आज सुट्टी असूनही एका दारातून वेल्डिंगचा निळा उजेड दिसतो. काम करणारा गणवेशात नाही. आयटीआय करून गोदीत लागलेला तो नागरी कामगार आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, पाइप फिटर, वेल्डर असे कितीतरी हात इथे असतात आणि त्यांच्याशिवाय धक्क्यावरचं एकही जहाज हलत नाही. पोरं तिकडे न बघताच पुढे जातात. त्यांना तोफ बघायची आहे.

आणि समोर जहाज येतं.

पोरं गप्प होतात. करड्या रंगाची भिंत उभी केल्यासारखं ते धक्क्याला लागलंय. वर मान करून पाहावं लागतं. मागच्या टोकाला पांढरा ध्वज. त्याच्या कोपऱ्यात तिरंगा, आणि निळ्या अष्टकोनात नांगरावर राजमुद्रा. हा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला. सप्टेंबर २०२२ पासून हा ध्वज नौदलाच्या जहाजांवर आहे. त्याआधीच्या ध्वजावर इंग्रजांच्या काळापासूनचा तांबडा क्रूस होता. सर ध्वजाकडे बघतात तेव्हा त्यांचे खांदे आपोआप मागे जातात.

गँगवेवर एका वेळी दहाच जण. पुन्हा थांबणं. खाली बघतो. गँगवेच्या खालच्या टोकाला लोखंडी रूळ आहे. पाणी चढतंय, भरतीची वेळ आहे. त्या पाण्याबरोबर रूळ धक्क्यावर बोटभर पुढे जातो, बोटभर मागे येतो. जहाज दोरांनी जखडलेलं, तरी स्थिर नाही. पहिलं पाऊल ठेवताच एका पोराचा हात झटकन कठड्यावर जातो.

"बोट लागते का हो सर?" तो विचारतो.

"सगळ्यांना लागते. मला पहिले चार दिवस लागली होती. बादली पुढ्यात ठेवून वॉच केलाय."

वॉच म्हणजे पाळी, बहुधा चार तासांची. समुद्रात रात्र झाली म्हणून काम थांबत नाही.

डेकवर दोरांची वेटोळी. मनगटाएवढे जाड नायलॉनचे दोर इतके नेटके गुंडाळलेले, की त्यांची चटई झालीय. एक तरुण नाविक फळीवर गाठी लावून दाखवतो. उजव्या हाताची एक हालचाल, एक फास, एक ओढ. तीन सेकंदांत गाठ तयार. ही ताण पडला तरी फास आवळत नाही आणि सोडायला गेलं की लगेच सुटते. चार पोरं प्रयत्न करतात. एकालाही जमत नाही. गुरं बांधणाऱ्या घरातला एक जण शेवटी जमवतो, त्याचं तोंड फुलतं.

नाविकाचं मूळ काम हे. दोर, नांगर, होड्या आणि गंज. खारा वारा लोखंड खातो. तो गंज खरवडायचा, रंग लावायचा, पुन्हा खरवडायचा. पुढच्या टोकाला नांगराची साखळी पडलीय. एकेक कडी दोन्ही हातांनी धरावी अशी. तिची लांबी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. नांगर पडताना किती साखळी गेली, हे धुळीत आणि आवाजात उभं राहून मोजणारा माणूस लागतो. सर त्या साखळीवरून हात फिरवतात. त्यांची पहिली दोन वर्षं याच कामात गेली.

तोफेपाशी गर्दी. फोटो काढता येत नाहीत म्हणून पोरं डोळे भरून बघतात. तोफखान्याचे नाविक वेगळे, क्षेपणास्त्राचे वेगळे, पाणसुरुंग-टॉर्पेडोचे वेगळे, असं तिथला नाविक सांगतो. त्यांचं शिक्षण कोचीला. मी फार थांबत नाही. तोफ सगळ्यांना दिसते. मला वरचा जिना चढायचा आहे.

जिना नव्हे, शिडीच ती. उभी, पोलादी, गुळगुळीत झालेली. वर ब्रिज. इथून जहाज चालवतात.

आत थंड आहे. पुढे काचांची रांग, त्यापलीकडे बंदराचं पाणी उन्हात पांढरं झालेलं. मोठं लाकडी चाक शोधत आलेली पोरं गोंधळतात, कारण इथलं चाक मोटारीच्या स्टिअरिंगहून लहान आहे. त्यामागे उभा असलेला नाविक आधी हिंदीत बोलतो. पोरांचं आपसांतलं बोलणं कानावर पडतं तसा तो मराठीवर येतो. अकोल्याचा आहे.

"साहेब म्हणणार, स्टारबोर्ड टेन. मी तेच शब्द परत म्हणणार, मग चाक फिरवणार. का? चूक ऐकलं असेल तर चाक फिरायच्या आधीच कळावं."

मग तो बाहेर, ब्रिजच्या दोन्ही टोकांकडे बोट करतो. "डावीकडे लाल दिवा. उजवीकडे हिरवा. प्रत्येक जहाजाला हेच. रात्री तुम्हाला लांबवर लाल दिसला म्हणजे त्या जहाजाची डावी बाजू तुमच्याकडे आहे. हिरवा दिसला म्हणजे उजवी. त्यावरून ते कुठे चाललंय कळतं, कुणी कुणाला वाट द्यायची ते ठरतं." तो थांबतो. "आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर?"

कुणी बोलत नाही.

"तर ते सरळ तुमच्या अंगावर येतंय."

हे त्या नाविकाने आज सकाळपासून कितीदा सांगितलं असेल. तरी सांगताना त्याचा आवाज खाली येतो. पोरं काचेतून बाहेर बघतात, जणू आत्ताच तिकडे दोन दिवे लागलेत. सर मात्र खाली, फाटकाच्या दिशेने बघत असतात. इथून फूटपाथ दिसत नाही.

ब्रिजच्या मागे एक दार बंद आहे. ऑपरेशन रूम. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत. अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर बसून आकाशातला आणि पाण्यावरचा प्रत्येक ठिपका टिपणारे रडारचे नाविक तिथे असतात. आणि सोनारचे. सोनारवाला डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघतो. उथळ, उबदार पाण्यात एका जातीची कोळंबी नांग्या वाजवते. हजारो कोळंब्या मिळून पाण्यात तडतड चालते, कढईत फोडणी पडावी तशी. त्या तडतडीतून पाणबुडीच्या पंख्याची मंद लय वेगळी काढायची. बोळातला एक नाविक हे सांगतो तेव्हा काकूंची मुलगी पुढे सरकते.

"हे काम शिकवतात की मुळात कान लागतो?"

"शिकवतात. पण कान लागतोच."

मुलगी मान हलवते आणि वहीत काहीतरी लिहिते. आजच्या गर्दीत वही घेऊन आलेली ती एकटीच.

खाली उतरतो. उतरता उतरता हवा बदलते. एका वळणावर गोल झाकण उघडं आहे आणि त्यातून ऊब वर येते, भट्टीचं दार उघडल्यासारखी. इंजिन रूम. आत सोडत नाहीत. पण तिथून एक जण वर येतो: निळा बॉयलर सूट, गळ्यात कान झाकायचे मफ, कपाळावर घामाची रेघ. धक्क्याला असताना निम्मी यंत्रं बंद असतात, तरी हा उकाडा. समुद्रात काय होत असेल, पोरं आपसांत म्हणतात.

"आमचं शिक्षण लोणावळ्याला," तो सांगतो.

पोरं हसतात. लोणावळ्याला समुद्र कुठाय? पण खरं आहे. नौदलाचे इंजिनवाले वर्षानुवर्षं त्या डोंगरात तयार होतात. विजेचं काम शिकणारे जामनगरला जातात. स्वयंपाकी, भांडारपाल, कारकुनी काम बघणारे इथेच, मुंबईच्या मालाडला. प्रत्येक कामाची शाळा वेगळी आणि गावही वेगळं.

"तुम्ही इंजिनवालेच होणार म्हणून आलात का?" मी विचारतो.

"नाही. मला तोफखाना पाहिजे होता. ट्रेड तिकडे ट्रेनिंगमध्ये ठरतो. मार्क आणि गरज बघून." रुमालाने तो मान पुसतो. "आता मला दुसरं काही दिलं तरी नको. इंजिन बिघडायच्या आधी आवाज बदलतं. ते मला झोपेत कळतं."

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. भरतीच्या जाहिरातीत गणवेश दिसतो, गणवेशाच्या आतलं काम दिसत नाही. गावाकडचं पोर 'नेव्हीत लागायचंय' म्हणतं. कशात लागायचंय, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. नौदल म्हणजे एक नोकरी नाही. पोलादाच्या एका कवचात कोंबलेल्या तीसचाळीस वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. आणि त्या सगळ्यांना पुन्हा एक दुसरी नोकरी असते. आग लागली की स्वयंपाकीसुद्धा पाण्याची नळी धरतो, कारकून स्ट्रेचर उचलतो. समुद्रात बंब बोलवता येत नाही.

बोळ अरुंद. समोरून कुणी आलं की पाठ भिंतीला लावायची. नळ्या, तारा, प्रत्येकीवर रंगाचे पट्टे. कुठल्या नळीत काय आहे ते या पट्ट्यांवरून ओळखायचं. मग वास येतो. वरणाचा.

गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. आमच्या घरच्या स्वयंपाकघराच्या दुप्पटही नसेल आणि इथे शेकडो माणसांचं शिजतं. मी दारातच थांबतो. शेगडीवर चारी बाजूंनी लोखंडी दांड्या लावल्यात, पातेल्यांना कोंडून ठेवणाऱ्या. जहाज कलंडलं की वरणाचं पातेलं घसरत नाही, दांडीला टेकतं. पातेलंही गळ्यापर्यंत भरायचं नाही, निम्म्याच्या थोडं वर. शेफ कोकणातला, दापोलीकडचा. दहावीवर लागलेला. खवळलेल्या समुद्रात कणीक मळताना तो एक पाय ओट्याच्या खालच्या कडीत अडकवतो. ते करून दाखवतो, गंभीरपणे.

"चार वाजता वॉचवरनं उतरलेल्या माणसाला गरम चहा नाही मिळाला, तर त्याचं पुढचं काम बिघडतं," तो म्हणतो. "म्हणून आमच्या कामाला लहान समजू नका."

पोरांतली दोन-तीन इथे रेंगाळतात. त्यांची दहावीच झालीय. दहावीवर 'एमआर' म्हणून घेतात ते शेफ, स्ट्युअर्ड आणि स्वच्छतेचं काम बघणारे हायजिनिस्ट. वाद्य वाजवता येत असेल तर बँडमध्येही घेतात. बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल किंवा अभियांत्रिकीचा डिप्लोमा असेल तर 'एसएसआर'. जीवशास्त्रवाल्यांना वैद्यकीय सहायकाची वेगळी वाट आहे. तो सहायक पुढच्या खोलीत भेटतो. तीन पावलांची खोली, एक खाट, काचेची कपाटं. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो. लहान जहाजावर तोच डॉक्टरचे डोळे आणि हात. ताप, भाजलेला हात, मध्यरात्रीची पोटदुखी, सगळं आधी त्याच्याकडे येतं.

परत उजेडात. धक्क्यावर तंबू टाकलेत, पंखे गरम हवाच फिरवतात. बँड वाजतोय, पितळी वाद्यांवर ऊन पडून डोळे दिपतात. एका टेबलावर पाणबुड्याचा पोशाख मांडलाय. बंदरात, जहाजाच्या पोटाखाली, हात पुढे केला तर हातही दिसणार नाही अशा गढूळ पाण्यात चाचपत काम करणारी ही माणसं. शेजारी पाणबुडीचा तक्ता. पाणबुडीवर जाणारे स्वखुशीने जातात. विशाखापट्टणमला शिकतात, मग प्रत्यक्ष पाणबुडीवर एकेक झडप, एकेक नळी तोंडपाठ करतात आणि परीक्षा उतरले की छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लागतं. गर्दी मरीन कमांडोंच्या फोटोंपुढे आहे. ती असणारच.

मुलगी त्या गर्दीत नाही. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी आहे. तिथे एक नकाशा पसरलाय. जमीन कोरी आणि समुद्रभर आकडे. जलसर्वेक्षणाचा चार्ट. समुद्राची खोली जागोजाग मोजून हा तयार होतो. पूर्वी दोरीला शिसं बांधून सोडायचे. आता ध्वनीलहर तळाला धडकून परत यायला किती वेळ लागतो यावरून खोली कळते. शिक्षण गोव्यात होतं. भारताचं नौदल शेजारच्या काही देशांच्या पाण्याचंही सर्वेक्षण करून देतं. मालवाहू जहाज असो की मासेमारीची मोठी बोट, हे आकडे सगळ्यांना लागतात. मुलगी बोटाने एका खाडीतले आकडे वाचत जाते. पाच, चार, तीन, दोन.

"इथे गाळ साचलाय ना?"

टेबलामागचा नाविक तिच्याकडे नीट बघतो. "बरोबर."

"मुलींना घेतात का पण?" काकू विचारतात. त्यांचा आवाज चाचरतो.

घेतात. २०२३च्या मार्चमध्ये ओडिशातल्या चिल्क्याहून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. सुमारे २६०० जणांत २७३ मुली होत्या. मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावायचं असतं, मुलींना आठ मिनिटांत. काकू हे दोन्ही आकडे पुटपुटून पाठ करतात. अधिकारी व्हायचं तर वाट निराळी. बारावीनंतर खडकवासल्याची प्रबोधिनी, किंवा जेईई मेनच्या गुणांवर केरळातल्या एळीमलाची बी.टेक. प्रवेशिका, दोन्हीकडे पाच दिवसांची मुलाखत पार करावी लागते. पदवीनंतरही वाटा आहेत: वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रण, रसद, कायदा, जहाजबांधणी, शिक्षण. त्या टेबलावरची पत्रकं संपलीत. काकू रिकाम्या खोक्यात हात घालून बघतात.

साडेअकरा. आम्ही बाहेर येतो. पिशव्यांवर बसलेला पोरगा उठतो, प्रत्येकाची पिशवी न चुकता ज्याच्या त्याच्या हातात देतो. टपरीवर चहा सांगितला जातो. एक जण पिशवीतून कागद काढतो आणि हिशेब मांडतो. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. दर महिन्याला ३० टक्के कापून निधीत जातात. चार वर्षांचे ५ लाख २ हजार. तेवढेच सरकार घालतं. १० लाख ४ हजार, वर व्याज. निवृत्तिवेतन नाही. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे ठेवतात.

"आणि पंचाहत्तर?" कुणाचे तरी वडील सोबत आलेत. पांढरी टोपी, कपाळावर अष्टगंध. इतका वेळ ते काही बोलले नव्हते.

सर चहाचा कप खाली ठेवतात. "दादा, ते खरंच आहे. मी खोटं बोलणार नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, चार वर्षांत नुसती कवायत करून येऊ नका. इंजिन शिका, वायरिंग शिका, स्वयंपाक शिका, जे मिळेल ते पार खोलात शिका. एकविसाव्या-पंचविसाव्या वर्षी हातात काम असलेला माणूस घरी आला पाहिजे."

वडील मान हलवतात. समाधान झालंय असं दिसत नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. लेकराला चार वर्षांसाठी देणाऱ्या घराचा हा प्रश्न रास्त आहे आणि तो पुन्हा पुन्हा विचारला गेला पाहिजे.

मी उंच पोराशेजारी जाऊन बसतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. १.६ किलोमीटर तो पाच मिनिटं दहा सेकंदांत धावतो. वीस बैठका, जोर, सिटअप्स, सगळं झालं. लेखी परीक्षा झाली होती. एक तास, शंभर प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, त्यातही निघाला. वैद्यकीय तपासणीला जाण्याआधी सूचनेप्रमाणे कानातला मळ काढून घेतला, दातांवरचं किटण काढून घेतलं. हातावर गोंदवलेलं नाही. उंची १५७ सेंटीमीटर लागते, याची १७८. छाती, गुडघे, तळवे, सगळं ठीक.

"मग त्यांनी पुस्तक उघडलं," तो सांगतो.

रंगीत ठिपक्यांचं पुस्तक. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी केलेलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. पहिल्या पानावर १२. तो रंगदोष असलेल्यालाही दिसतो, कारण काय करायचंय हे कळावं म्हणूनच ते पान असतं.

"बारा दिसला. मी मोठ्याने सांगितला. मग पान उलटलं." तो तळहात पालथा करतो. "नुसते ठिपके. पुढच्या पानावर पण. मला वाटलं, हे कुणालाच दिसत नसेल."

लाल आणि हिरव्यातला फरक त्याला पुरता कळत नाही. जन्मापासून नाही. घरात कुणाला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. सिग्नलला तो वरचा दिवा आणि खालचा दिवा असं ओळखतो. मिरच्या तोडताना पिकलेली कुठली हे हाताने दाबून बघतो. सगळे तसंच करतात, असं त्याला वाटायचं. यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. दोन वर्षं पहाटे चारला उठून तो धावला. बापाने अकादमीच्या फीसाठी एक म्हैस विकली. ज्या तपासणीत तो अडकला ती कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते.

नौदल चुकलं असं कुणीच म्हणत नाही, तोही नाही. ब्रिजवरचा अकोल्याचा नाविक आत्ताच सांगत होता: लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर. हे ज्याला वेगळे दिसत नाहीत त्याच्या हाती रात्रीचा समुद्र देता येणार नाही. चुकलं ते इतकंच, की हे त्याला विसाव्या वर्षी कळलं. पंधराव्या वर्षी कळायला हवं होतं.

आता तो अकादमीतच राहतो. पहाटेचं धावणं तो घेतो. यंदा लेखी उतरलेल्या पोरांची वेळ त्याने सरासरी चाळीस सेकंदांनी खाली आणलीय, सर सांगतात. सांगताना हात त्याच्या खांद्यावर असतो.

सरांनी आता ते ठिपक्यांचं पुस्तक स्वतः विकत घेतलंय. प्रवेशाचा अर्ज भरून घेण्याआधी, फीचा रुपयाही हातात घेण्याआधी, ते पोराला दारात उजेडाला उभं करतात आणि पानं उलटतात. शंका आली तर साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात. गेल्या वर्षी दोघांना त्यांनी असं परत पाठवलं. एकाने आयटीआयला टर्नरला नाव घातलं, दुसरा शेतकी डिप्लोमाला आहे. दोघांची दोन वर्षं वाचली, दोन घरांची दोन जनावरं वाचली.

चहा संपतो. सर शिट्टी वाजवत नाहीत, नुसते उठतात; चाळीस पोरं उठतात. परळच्या डेपोतून दीडची एसटी आहे. काकू मुलीची वही हातात घेऊन उभ्या आहेत. तिला मी विचारतो, रंग तपासलेस का? ती नाही म्हणते. काकू लगेच म्हणतात, "उद्याच नेते."

तुमच्या घरात आठवी-नववीतलं पोर असेल आणि ते नौदलाचं, रेल्वेचं, विमानाचं नाव काढत असेल, तर अकरावीची शाखा ठरायच्या आधी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि रंगांची तपासणी मागून घ्या. पहिल्या पानावर थांबू नका. बारा सगळ्यांनाच दिसतो.